पेशंट म्हणतो ‘घरात कोणाला काही नाही’, तेव्हा

प्रश्न असा आहे: ‘मी जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात केस घेताना फॅमिली हिस्टरी, म्हणजे घरातल्यांच्या आजारांची माहिती, विचारली की बहुतेक पेशंट "तसं काही नाही" म्हणतात. मी "नथिंग सिग्निफिकंट" लिहिते. मॅडमनी तीन केस परत दिल्या. नेमकं विचारायचं कसं? आणि पेशंटच नाही म्हणत असेल तर मी काय करणार?’

मॅडमनी केस परत दिल्या याचं वाईट वाटून घेऊ नकोस. २६ वर्षं वॉर्डात काढल्यावर आता मीही मुलींच्या केसबुका तपासते, आणि ‘नथिंग सिग्निफिकंट’ दिसलं की माझं लाल पेन आपोआप उघडतं. त्या शब्दांमागे काय घडलेलं असतं ते मला पाठ आहे. सकाळचे साडेदहा, राउंड नुकताच संपलेला, पेशंटला भूक लागलेली, आणि तू उभ्या उभ्या विचारलंस, ‘घरात कोणाला काही आजार आहे का? बीपी, शुगर, टीबी?’ त्याने मान हलवली. झाली हिस्टरी.

पेशंट खोटं बोलला नाही. तू विचारलंस त्याचं त्याने सरळ उत्तर दिलं. घोळ प्रश्नात आहे. ‘घरात’, ‘आजार’ आणि ‘आहे’, हे तिन्ही शब्द तू एका अर्थाने वापरतेस आणि समोरचा भलत्याच अर्थाने ऐकतो.

शेवटच्या ‘आहे’पासून सुरुवात करते, कारण तो मला महागात पडला आहे. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. संध्याकाळी एक शेतकरी आला, वय ३८. पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ, दोन उलट्या, ‘पित्त’ म्हणून अ‍ॅडमिट. हिस्टरी मीच घेतली. ‘घरात कोणाला बीपी, शुगर, हार्टचा त्रास आहे का?’ तो म्हणाला, ‘न्हाय सिस्टर, समदे ठणठणीत हायेत.’ मी लिहून मोकळी. रात्री दोनच्या सुमाराला त्याची बायको टेबलापाशी आली. म्हणाली, ‘यांना लई घाम सुटलाय. यांचे वडील पण असेच घामाघूम झाले आन् गेले.’ कधी गेले? ‘आमच्या लग्नाच्या आधी. बांधावर बसले व्हते.’ वय? ‘पन्नाशी बी गाठली नव्हती.’ ड्युटी डॉक्टरांना उठवलं, ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक. हा अटॅक पुष्कळदा पोटदुखी आणि उलटीचं सोंग घेऊनच येतो. माणूस वाचला, पण सात-आठ तास पित्ताच्या औषधावर गेले ते गेलेच. ईसीजी आधीच व्हायला हवा होता हे खरं, पण केस पेपरवर ‘वडील पन्नाशीच्या आत अचानक गेले’ एवढं असतं तर तो नक्कीच झाला असता.

दोन दिवसांनी मी त्याला विचारलं, वडिलांचं का नाही सांगितलंत? तो गोंधळून म्हणाला, ‘तुम्ही आहे का म्हणालात. ते तर वारले.’

मेलेल्या माणसाला आजार नसतो. हे त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून मी गेलेल्यांची चौकशी आधी करते. ‘आई-वडील आहेत का?’ ‘नाहीत’ म्हटलं की क्षणभर थांबायचं, मग ‘काय झालं होतं?’ उत्तर येतं, ‘म्हातारपणाने गेले.’ वय विचारलं की ‘असतील पन्नास-बावन्न.’ हे कसलं म्हातारपण! वय विचारल्याशिवाय मृत्यूचं कारण लिहूच नकोस. हृदयविकाराच्या बाबतीत वडील किंवा भाऊ ५५ च्या आत आणि आई किंवा बहीण ६५ च्या आत, ही रेघ डॉक्टर धरतात. ऐंशीव्या वर्षी अटॅकने गेलेले आजोबा आणि पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेले वडील, दोघांच्या पुढे तू नुसतं ‘हार्ट’ लिहिलंस तर त्या नोंदीला अर्थच उरत नाही.

आता ‘घर’. हा शब्द बायकांच्या बाबतीत फार फसवतो. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला ‘तुमच्या घरात कोणाला शुगर आहे का’ विचारलंस की ती म्हणेल, ‘हो, सासूबाईंना आहे.’ तू लिहितेस, शुगर पॉझिटिव्ह. अगं, सासूची शुगर तिच्या रक्तात कुठून येणार? लग्नानंतर तिचं ‘घर’ म्हणजे सासर. तिला ‘माहेरी’ असंच विचारायला हवं. आणि माहेरचं विचारलं की ती आधी भावाचं सांगते, मग वहिनीचं (ती पुन्हा परकी), आणि आई-वडिलांपाशी शेवटी येते. पुरुषाचा घोटाळा वेगळा. त्याचं घर म्हणजे एका छपराखालची माणसं. वेगळा निघालेला भाऊ, दिल्या घरी गेलेली बहीण, ही त्याच्या हिशोबात नसतात.

म्हणून मी दोन घरं मानते आणि विद्यार्थिनींनाही तसंच सांगते: एक रक्ताचं घर, दुसरं चुलीचं घर. हार्ट, कॅन्सर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), हिमोफिलिया (रक्त लवकर न थांबण्याचा आजार) हे रक्ताच्या घरात शोधायचं. टीबी, खरूज, कुष्ठरोग, हगवण हे चुलीच्या घरात, म्हणजे एका खोलीत झोपणाऱ्या आणि एका ताटात जेवणाऱ्या माणसांत. तिथे सासू, भाडेकरू, गावाकडून शिकायला आलेला पुतण्या, सगळे मोजायचे. टीबीच्या पेशंटच्या घरातल्यांची तपासणी करून ज्यांना टीबी झालेला नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या द्यायची सोय सरकारी कार्यक्रमात आहे, आणि ती यादी तुझ्या या प्रश्नावरूनच तयार होते. शुगर आणि बीपी मात्र दोन्ही घरांत रेंगाळतात. रक्त एक, आणि तेल-मीठही एकच.

राहिला ‘आजार’. लोकांच्या भाषेत आजार म्हणजे अंथरूण धरणं. रोज सकाळी गोळी घेऊन शेतात जाणारी आई आजारी नसते. ‘तिला काही नाही, तिची गोळी चालू आहे,’ असं म्हणतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणून ‘आजार आहे का’ सोडून दे. ‘रोज कुठली गोळी घेतात? कधी दवाखान्यात ठेवलं होतं? कुठलं ऑपरेशन झालं? काही खायचं बंद केलंय का?’ असं विचार. ‘गोड बंद आहे’ म्हणजे शुगर, ‘मीठ बंद आहे’ म्हणजे बीपी किंवा किडनी. ‘पायाचं बोट काढलं’, ‘डोळ्यांत लेझर मारलं’ म्हटलं तर शुगर जुनी आणि मुरलेली.

काही बोली कानावर पडताच ओळखता आल्या पाहिजेत. ‘वारं गेलं’ म्हणजे लकवा. ‘फेफरं’, ‘आकडी’, ‘मिरगी’ हे सगळं फिटचं. ‘गाठ झाली होती’, ‘मोठा आजार’, ‘टाटाला नेलं होतं’, सोलापूर-धाराशिवकडे ‘बार्शीला नेलं होतं’, म्हणजे कॅन्सर. तो शब्द तोंडातून निघत नाही म्हणून हॉस्पिटलचं किंवा गावाचं नाव पुढे करतात. ‘पिशवी काढली’ हे ऐकलं की थांबून विचार, कशासाठी काढली? नुसतं अंगावरून जात होतं म्हणून, की तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात काही निघालं म्हणून? मराठवाड्यात तरुण वयात पिशवी काढलेल्या बायका इतक्या भेटतात की आपण ते लिहून पुढे सरकतो, आणि त्यातला एखादा खरा कॅन्सर नजरेतून सुटतो. ‘औषध घेतलं’ हा तर सगळ्यात अवघड शब्दप्रयोग. तो आवाज खाली करून म्हटला गेला तर ते विष असतं. ‘विहिरीत पडली’, ‘रेल्वेखाली आला’ हेही अपघात म्हणूनच सांगतात. अशा वेळी खोदून विचारायचं नाही. ‘त्याआधी काही दिवस झोप लागत नव्हती का, गप्प गप्प असायचे का?’ एवढंच विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. मानसोपचाराच्या पेशंटच्या बाबतीत घरातली आत्महत्या ही डॉक्टरांना ताबडतोब सांगायची बाब आहे.

तर मग सुरुवात कुठून? आजारापासून नाहीच. माणसं मोजण्यापासून. आधी सांगायचं की हे का विचारतेय: ‘काही आजार रक्ताच्या नात्यातून येतात, म्हणून तुमच्या माणसांबद्दल थोडं विचारते.’ मग स्टूल ओढून बसायचं. उभी सिस्टर म्हणजे निघालेली सिस्टर, तिला कोण सांगणार? कागदावर मधोमध पेशंट: पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर वर्तुळ, त्याला बाण. ‘तुम्ही किती भावंडं? तुमचा नंबर कितवा?’ इथे लोक हसतात, मोकळे होतात. ‘सगळी आहेत?’ मग ‘एक लहानपणीच गेला’ असं निघतं. मग मुलं. ‘मुलं किती’ विचारलं तर खेड्यातला म्हातारा फक्त मुलगे मोजतो, म्हणून ‘मुलगे किती, मुली किती’ असं वेगळं विचार. बायकांना ‘बाळंतपणं किती झाली, किती दगावली, कधी गर्भ पडला होता का’ असं. मग वर, आई-वडील. त्यांच्या बाजूला काका, आत्या, मामा, मावशी. आणखी वर आजी-आजोबा. मुलांसकट चार पिढ्या झाल्या. झाड उभं राहिलं की मग एकेका माणसावर बोट ठेवून विचारायचं: आहे का, वय काय, गोळी कुठली, गेला तर कितव्या वर्षी आणि कशाने. बोट ठेवलं की ‘कोणाला काही नाही’ असं म्हणताच येत नाही, कारण प्रश्न एका माणसाबद्दल असतो.

चिन्हं ठाऊक असतीलच: आजार असेल तर चौकोन-वर्तुळ भरायचं, माणूस गेला असेल तर तिरकी रेघ, रक्ताच्या नात्यात लग्न असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. केसबुकात पट्टीने आखून, रंगवून फॅमिली ट्री काढतात मुली. त्याला माझा विरोध नाही, पण त्यात शिक्षण, उत्पन्न, धर्म सगळं असतं आणि वडील कितव्या वर्षी गेले तेच नसतं.

वयं बऱ्याच जणांना सांगता येत नाहीत. तिथे सालांऐवजी प्रसंग धरायचे. माझी पुष्कळ नोकरी लातूरकडे झाली, तिथे सगळ्यांचं पंचांग भूकंप हेच. ३० सप्टेंबर १९९३. ‘भूकंपाच्या आधी गेले की नंतर?’ जुनी माणसं बहात्तरच्या दुष्काळावरून सांगतात, पुण्याकडची पानशेतच्या पुरावरून, म्हणजे १९६१. ‘आबा गेले तेव्हा मी पाचवीत होते’, ‘थोरला माझ्या पोटात होता’ हेही चालतं. उरलेला हिशोब आपण करायचा.

नात्यांच्या बाबतीत आपली भाषा फार कामाची आहे. चुलत, आते, मामे, मावस, म्हटल्याबरोबर बाजू कळते. आणि बाजूवर बरंच अवलंबून असतं. मुलाला हिमोफिलियाची शंका असेल, म्हणजे दात पडल्यावर किंवा सुंता केल्यावर रक्त थांबेना, तर आधी मामाचं विचार आणि मग मावशीच्या मुलांचं. तो दोष आईकडून मुलाला येतो, काकाचं विचारून हाती काही लागत नाही. डुशेनसारख्या स्नायूंच्या दुबळेपणाचंही तसंच. उलट, स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये सगळे फक्त आईकडचं विचारतात आणि आत्या राहून जाते. तो दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. वडिलांना स्वतःला काही झालेलं नसतं, पण त्यांच्या दोन बहिणी पन्नाशीच्या आत गेलेल्या असतात. म्हणून तिथे ‘तुमच्या आत्यांना काय झालं होतं?’ हा प्रश्न सोडू नकोस. घरातल्या पुरुषाला छातीत गाठ झाली होती असं कोणी म्हणालं तर ते अधोरेखित कर.

पण याच भाषेत खाचखळगेही आहेत. चुलतभावाला नुसतं ‘भाऊ’ म्हणतात, आजीला ‘आई’, थोरल्या काकांना ‘आबा’ किंवा ‘दादा’. राखी बांधलेला मानलेला भाऊसुद्धा मोजणीत येतो. ‘सख्खा का?’ हा दोन शब्दांचा प्रश्न प्रत्येक नात्यापुढे लावायचा. सावत्र आई, दत्तक मूल हे मात्र हळूच आणि एकटीला विचार. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा वारसा सारखा असतो, काका-आत्या-मामा-मावशीशी पाव, चुलत-मावस भावंडांशी अष्टमांश. जवळ जाशील तसं महत्त्व वाढतं.

नात्यातल्या लग्नाबद्दल तर मला वेगळं लिहावंसं वाटतं. ‘नात्यात लग्न झालंय का?’ विचारलं की मामाच्या मुलीशी लग्न झालेला माणूसही ‘नाही’ म्हणू शकतो, कारण मामाची मुलगी ही त्याच्या दृष्टीने रीतच. मी विचारते, ‘लग्नाच्या आधी तुमचे सासरे तुमचे कोण लागायचे?’ लगेच उत्तर येतं, ‘मामा.’ पण बाईला विचारताना जपून. जुन्या घरांत सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, मग नातं असो वा नसो. माझ्या एका विद्यार्थिनीने यावरून दुहेरी रेघ ओढली होती! ‘नुसतं म्हणता, की वडिलांची सख्खी बहीण?’ असं विचारून घे. वारंवार गर्भ पडणं, लहान मूल दगावणं, मुकं-बहिरं मूल, अशा केसमध्ये ही रेघ फार बोलते.

सासू हा विषय निघालाच आहे तर. गरोदर बाईची हिस्टरी सासूच्या समोर घेऊ नकोस. माहेरी भावाला फिट येते, बहीण मानसिक आजाराच्या गोळ्या घेते, हे सासूच्या कानावर गेलं की ‘फसवून गळ्यात मारली’ हे वाक्य दवाखान्यातून घरी जाईपर्यंत तयार होतं. वजन घ्यायला, लघवीचा नमुना द्यायला बाईला आत न्यायचं आणि तिथे विचारायचं. वॉर्डातल्या मावशींना सांगून सासूबाईंना केस पेपरच्या रांगेत पाठवलं तरी पाच मिनिटं मिळतात. ही लबाडी मी रोज केली आहे.

माझी सुरुवातीची काही वर्षं गडचिरोलीच्या बाजूला गेली. तिथे हा प्रश्न सिकलसेलपाशी येऊन टोकाला जायचा. पोरीची तपासणी झाली, ती ‘एएस’ म्हणजे नुसती वाहक (दोष अंगात आहे पण आजार नाही) निघाली, की सगळा दोष तिच्या माहेरचा. नवऱ्याची तपासणी करा म्हटलं तर घरचे उठून जायचे. तिथे सिस्टरने न चिडता परत परत सांगायचं असतं: वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, एकच जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मुलाला आजार होत नाही, दोघं वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक होण्याची, एक पूर्ण निरोगी असण्याची. आणि ‘प्रत्येक गरोदरपणात’ यावर जोर द्यायचा. लोकांना वाटतं, चारातलं एक झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं, दर खेपेला चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. तिकडे ‘सिकलसेल आहे का’ याला उत्तर मिळालं नाही तरी ‘लहानपणापासून हातपाय ठणकायचे का, डोळे पिवळे व्हायचे का, रक्त चढवलं होतं का’ याला मिळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. त्यामुळे आता बऱ्याच जणांकडे कार्ड असतं. ‘घरात कोणाला सिकलचं कार्ड मिळालंय का’ विचार आणि ते पाहायला माग. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं गणितही अगदी असंच. उल्हासनगरकडे सिंधी कुटुंबांत काम करशील तेव्हा ते विसरू नकोस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तयारी करताना एक प्रश्न हटकून राहतो: ‘घरात कोणाला भूल दिल्यावर काही त्रास झाला होता का, शुद्धीवर यायला किंवा श्वास परत यायला फार वेळ लागला होता का?’ काही कुटुंबांत भुलीच्या वेळी देतात त्या एका स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा असर लवकर उतरत नाही आणि माणसाला तासन्तास व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळतं, आणि नांदेड-चंद्रपूरकडच्या भूलतज्ज्ञांना ते ठाऊक असतं. पण त्यांच्यापर्यंत निरोप कोणी न्यायचा? आपणच. तसंच, ‘कोणाला रक्त मिळायला अडचण आली होती का?’ ‘बॉम्बे’ रक्तगट ऐकला असशील; १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच तो पहिल्यांदा नोंदवला. नेहमीच्या तपासणीत तो ओ वाटतो आणि ओ रक्त मात्र जुळत नाही. भावाचं तसं झालं असेल तर बहिणीच्या ऑपरेशनच्या आधी रक्तपेढीला कळवलेलं बरं.

तू म्हणशील, ४० पेशंटच्या वॉर्डात दोन सिस्टर, एवढं करायला वेळ कुठला? बरोबर आहे. इमर्जन्सीत मी तीनच गोष्टी विचारते: आई-वडील आणि सख्खी भावंडं आहेत का, गेली असतील तर कितव्या वर्षी आणि कशाने, आणि ‘यांच्यासारखंच आधी घरात कोणाला झालं होतं का?’ हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. नातेवाईकांच्या मनात तो आधीच घोळत असतो, फक्त कोणी विचारलेलं नसतं. बाकीचं नंतर. हिस्टरी एका बैठकीत पुरी झालीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? संध्याकाळी भेटायच्या वेळेला डबा घेऊन कोण येतं ते पाहत जा. घरातली सगळ्यात थोरली बाई, आत्या किंवा आजी, आली की ती गाठायची. कोण कशाने गेलं याची वही तिच्या डोक्यात असते. मुलग्यांना वडिलांच्या गोळीचं नावही ठाऊक नसतं. नाहीच कोणी आलं तर पेशंटलाच घरी फोन लावायला सांग.

थोडीशी माहितीसुद्धा वाया जात नाही. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका मोजायची सरकारी प्रश्नावली, भरतात, त्यात आई-वडील किंवा भावंडांत बीपी, शुगर, हार्ट असेल तर २ गुण असतात. एकूण ४ च्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने केलेल्या शुगरच्या धोक्याच्या गुणपत्रिकेत १०० पैकी १० गुण आई किंवा वडील एकालाच शुगर असेल तर, दोघांना असेल तर २०. एकूण ६० झाले की धोका जास्त. एका ‘हो’ने माणूस या बाजूचा त्या बाजूला जाऊ शकतो.

आता लिहायचं कसं, कारण मॅडम शेवटी तेच पाहतात. ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलं नाही’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. आपण तिन्हींना ‘निल’ म्हणतो आणि पुढची पाळी त्यावर विश्वास ठेवते. वडील लहानपणीच सोडून गेलेल्या माणसाची वडिलांकडची हिस्टरी ‘माहीत नाही’ असते, ‘नाही’ कधीच नसते. असं लिही: ‘वडील वय अंदाजे ४८, शेतात बसल्या जागी मृत्यू, घाम आला होता, तपासणी झाली नव्हती. सांगणारी: पत्नी.’ निदान आपल्या मनाने करायचं नाही. घरच्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवले तर डॉक्टर त्यातून काय ते काढतात. सांगणारं कोण हे लिहायला विसरू नकोस, कारण बायकोने सांगितलेलं सासरचं आणि आईने सांगितलेलं स्वतःच्या पोटच्या पोराचं, यांत फरक असतो. नंतर काही नवं कळलं तर जुनं खोडायचं नाही, खाली तारीख-वेळ घालून नवी ओळ. आणि महत्त्वाचं काही असेल तर फक्त कागदावर ठेवू नकोस, हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, तोंडाने सांग.

एक गोष्ट कागदावर येऊ द्यायची नाही. पेशंटने विश्वासाने सांगितलं की भावाला एचआयव्ही आहे, तर भावाचं नाव घालून ते कॉटच्या पायथ्याला अडकवलेल्या फाइलीत लिहायचं नसतं. ती फाइल शेजारच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा चाळतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात ही माहिती संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्याच्या कायद्यातही गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. उपचारासाठी लागणार असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांग.

आणि हिस्टरी घेताना चेहरा सांभाळ. तिसऱ्या माणसाचा कॅन्सर लिहिताना तुझ्या भुवया वर गेल्या की पेशंट चौथा सांगत नाही. ‘मग मलाही होणार का सिस्टर?’ हा प्रश्न येतोच. ‘काही नाही होत’ म्हणू नकोस, ‘हो, धोका आहे’ असंही परस्पर म्हणू नकोस. ‘हे डॉक्टरांना सांगते, तुमची तपासणी कधीपासून करायची ते ते ठरवतील’ म्हण, आणि खरंच सांग.

परत आलेल्या त्या तीन केसचे पेशंट अजून वॉर्डात असतील तर आज संध्याकाळी भेटीच्या वेळेला जा. केसबुकातलं झाड या वेळी पेन्सिलीने काढ; कोणाची तरी आत्या येईल आणि तुला दोन वर्तुळं वाढवावी लागतील.